भाऊजींचं लक्ष

अख्ख्या भाईंदर पूर्वेत कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं, तर ते सगळ्यात आधी माझ्या थोरल्या दिरांना कळायचं, आणि स्वतःच्या गॅसवरचं दूध उतू गेलेलं सगळ्यात शेवटी कळायचं तेही त्यांनाच. हे मी कौतुकाने सांगतेय की तक्रारीने, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा सासूबाईंनी मला बाकी काही शिकवलं नाही, एवढंच सांगितलं, "थोरला जेवायला बसला की त्याच्यासमोर कुणी तोंड पाडून बसायचं नाही. घास हातात राहतो त्याच्या." मला वाटलं, नव्या सुनेला हसतमुख राहायचा गोड दम देतायत. पहिल्याच आठवड्यात मला माहेरची आठवण आली, पोळी लाटता लाटता मी नुसतं नाक ओढलं, आणि बाहेर जेवत बसलेले भाऊजी आमटीभाताचा हात तसाच वर धरून स्वयंपाकघराच्या दारात उभे. "कोण गेलं?" म्हणाले. कुणी गेलं नव्हतं. पण तो आमटीभात पुढे त्यांच्या शर्टावर, पायपुसण्यावर आणि घरभर झाला, तो मलाच पुसावा लागला. त्या दिवसापासून रडायचं असेल तर गच्चीत जाऊन रडायचं, असा नियम मी स्वतःला घालून घेतला.

आता असल्या माणसाने एखादी पानपट्टी चालवावी, भाजी विकावी, फार तर वॉचमन व्हावं. पण दैवगती बघा, भाऊजींच्या वाट्याला आलं ते एकाग्रतेचं काम. केबिन रोडवरच्या एका भांड्यांच्या दुकानात ते भांड्यांवर नावं घालायचे. लग्नाचं पातेलं असो, बारशाची वाटी असो, 'मामाकडून' 'आत्याकडून' असं कोरून घेतल्याशिवाय आपल्याकडे आहेर पुरा होत नाही. न जाणो, पुढच्या लग्नात तेच भांडं फिरून आपल्याच घरी यायचं. भाऊजी तरुणपणी छिन्नी-हातोडीने टाके मारायचे, पुढे पेनासारखं विजेचं मशीन आलं. ते हातात धरलं की घूं घूं आवाज करत भाऊजींचा हात असा चालायचा, की बघणाऱ्याने बघत राहावं. मराठी, गुजराती, हिंदी, हवं त्या अक्षरात. आणि गोंगाटाचं त्यांना जराही वावडं नव्हतं. दुकानासमोर गणपतीचे ढोल वाजोत, शेजारचा जनरेटर धूर ओको, रिक्षावाल्यांची जुंपो, हात हलायचा नाही. एकदा त्यांच्या डोक्यावरच्या फळीवरून कुकरची अख्खी रास खाली आली, सगळं दुकान दचकलं, भाऊजींनी 'प्रेमपूर्वक'मधला रफार पुरा केला आणि मग वर बघितलं. पण तेच दुकानात आलेल्या एखाद्या बाईने मुलीच्या नावाचा कागद पुढे करताना नुसता आवंढा गिळला, की संपलं. मशीन बंद. "एकुलती एक का हो?" मग ती बाई रडणार, भाऊजी तिला स्टूल देणार, चहा मागवणार, आणि मागे गिऱ्हाइकांची रांग केबिन रोडवर जाणार. शेठ मारवाडी, देवमाणूस, पण त्यालाही धंदा होताच. शेवटी त्याने भाऊजींची बैठक फिरवली आणि त्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. "पाश्टेजी," म्हणाला, "आप दीवार देखो. दीवार रोती नहीं."

बाजारात त्यांना पाठवणं म्हणजे तर माणूस कायमचा दान करण्यासारखं. एकदा जाऊबाईंनी कोथिंबीर आणायला पाठवलं. वाटेत एक नवरा-बायको भांडत चालले होते, हळू आवाजात, दातओठ खाऊन, जसं रस्त्यावर भांडतात तसं. भाऊजी त्यांच्या मागे निघाले ते पार खारी गावापर्यंत. गावातल्या एका म्हातारीने हटकलं, "कुठं चाललास रं? हितनं फुडं रस्ता न्हाय." भाऊजींनी प्रामाणिकपणे सांगून टाकलं, "यांचं मिटतंय का बघतोय." ते जोडप्याने ऐकलं. मग मात्र त्यांचं चटकन मिटलं, आणि दोघांनी मिळून भाऊजींना जे फैलावर घेतलं ते म्हातारीनेच मध्ये पडून सोडवलं. भाऊजी घरी आले तेव्हा दुपार टळली होती, कोथिंबीर नव्हती, आणि चेहऱ्यावर सत्यनारायण पार पाडून आल्याचं समाधान. "मिटलं," एवढंच म्हणाले. जाऊबाईंनी कोथिंबिरीशिवाय वाटप केलं आणि तिसऱ्या मजल्यावरच्यांना ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं, की लष्कराच्या भाकऱ्या भाजायला हेच एक सापडले देवाला.

दुःखच पाहिजे असंही नाही, आनंदानेही त्यांचं तेवढंच वाटोळं व्हायचं. कुठल्या तरी हॉलबाहेर एका मुलीची पाठवणी चाललेली रिक्षातून दिसली म्हणून हे उतरले, मुलीच्या सख्ख्या काकापेक्षा जास्त रडले, आणि मुलीकडच्यांनी मुलाकडचे समजून आणि मुलाकडच्यांनी मुलीकडचे समजून दोन वेळा जेवायला वाढलं. गंमत म्हणजे खोटं रडणं त्यांना बरोबर कळायचं. त्या वर्षांत रात्री साडेआठला बिल्डिंगमधल्या प्रत्येक दारातून मालिकेतल्या सुनेचे हुंदके ऐकू यायचे. भाऊजी ढिम्म. पण तेच समोरच्या काकूंनी मालिका बघता बघता पदराने डोळे टिपले, की भाऊजी पेपर खाली ठेवून कान टवकारायचे. "ती टीव्हीतली नाही," म्हणायचे, "काकू आहेत. काकूंना आज मुलाचा फोन आला नाही वाटतं." आणि खरंच आलेला नसायचा.

जाऊबाईंनी एकदा त्यांना मीरा रोडला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. सोबत मला घेतलं, का, तर मी घरी मुलांच्या शिकवण्या घेते, म्हणजे लक्ष न लागणाऱ्यांचा मला अनुभव. डॉक्टरांनी भाऊजींना शंभरातून सात-सात वजा करत उलटं म्हणायला सांगितलं. भाऊजी सुरू झाले. डॉक्टरांनी मुद्दाम टेबलावर ट्रे आपटला, भाऊजी थांबले नाहीत. कंपाउंडर आत-बाहेर करून गेला, फोन खणखणला, भाऊजी आपले खाली खाली उतरतायत. तेवढ्यात बाहेरच्या खोलीत एका छोट्या मुलीने 'आई' म्हणून हाक मारली, साधीच, पण जरा रडवेली. भाऊजी मधेच थांबून दाराकडे बघायला लागले. "पुढे?" डॉक्टर म्हणाले. "तिची आई कुठं गेलीय?" भाऊजी म्हणाले. डॉक्टर हसले. म्हणाले, यांना काही झालेलं नाही. प्रत्येकाच्या डोक्यात एक राखणदार बसलेला असतो, भावनेची चाहूल लागली की तो हातातलं काम टाकून तिकडे धावतो; आवाज मोठा की लहान याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. जिवाशी गाठ असेल तर आधी ते बघावं म्हणून निसर्गाने तशी सोयच केलीय. "तुमचा आमचा जरा बघून धावतो, यांचा कुणाहीसाठी धावतो." जाऊबाई शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, मग त्या राखणदाराला थोडी रजा द्या की. माझ्या घरात तीन पातेली करपलीयत या महिन्यात." डॉक्टरांनी गोळ्या दिल्या नाहीत, फीसुद्धा अर्धीच घेतली. ती रडवेली मुलगी आमच्याच मागे येऊन उभी होती. तिची आई फक्त चप्पल काढत होती.

तर असा हा माणूस. आणि याचं सगळ्यात नाजूक ठिकाण म्हणजे माझा नवरा. सासरे लवकर गेले, तेव्हा मोहन शाळेत होता. परळच्या खोलीतून भाईंदरला येईपर्यंत भाऊजींनीच त्याला वाढवलं. इथे एकाच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर ते, चौथ्यावर आम्ही. दोन चुली, पण गणपती एक, तोही गावी, रत्नागिरीजवळच्या घरात, आणि तिथे दोघा भावांनी पाटावरून मूर्ती आणायची हे वर्षानुवर्षं ठरलेलं. एका वर्षी मोहनला ऑफिसने रजा दिली नाही. साहेब नवा, कोकणातला गणपती म्हणजे काय हे त्याच्या गावीही नाही. मोहन म्हणाला, या वर्षी मी इथेच आणतो, दीड दिवसाचा. भाऊजी म्हणाले, "एका घराचे दोन गणपती?" मोहन म्हणाला, "देवच बसवतोय ना दादा, दारूचा गुत्ता नाही काढत." हे बोलायला नको होतं. भाऊजी गावी एकटेच गेले. गावात जो तो विचारी, "मोहन कुठं?" आणि भाऊजी सांगत, "येतोय, मागच्या गाडीने येतोय." विसर्जनापर्यंत तेच सांगितलं त्यांनी. परत आले ते जिना चढून थेट आमच्या मजल्यावर, मोहनला प्रसाद द्यायला. बाहेर पॅसेजमध्ये आमच्या मखराचा थर्माकोल ठेवला होता. तो बघितला, प्रसादाची पिशवी दाराच्या कडीला अडकवली आणि बेल न वाजवता खाली गेले. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

मोहन काही कमी हट्टी नाही. "त्याने बेल का नाही वाजवली?" हे त्याचं सुरू, आणि "त्याने थर्माकोल आत का नाही ठेवला?" हे खाली सुरू. मी आणि जाऊबाई जिन्यात उभ्या राहून दोघांच्या नावाने बोटं मोडायचो. पण बोलणं बंद झालं म्हणून भाऊजींचं लक्ष बंद होतंय थोडंच. ते उलट चोवीस तास चौथ्या मजल्यावर येऊन बसलं. मोहन आमच्याकडे शिंकला की खाली जाऊबाईंचा आवाज यायचा, "अहो, जेवा गुपचूप." मोहन ऑफिसातून येताना जिना चढायला लागला, की दुसऱ्या मजल्यावरचा रेडिओ बारीक व्हायचा आणि पावलं वर गेली की मोठा व्हायचा. एकदा सर्दी झाली तर संध्याकाळी जाऊबाई काढा घेऊन दारात. "हा त्यांनी दिलाय," म्हणाल्या, "पण सांगू नको म्हणालेत." मोहनने तो प्यायला, वर "गूळ कमी आहे म्हणावं" असं सांगून पेला परत दिला. सांगायचं मात्र नाही, असंही म्हणाला. मला दोघांनाही एकेक ठेवून द्यावीशी वाटायची, पण एक नवरा आणि एक वडीलधारे, देणार कुणाला.

दिवाळीनंतर मोहनला जिना चढताना धाप लागायला लागली. आधी म्हणाला गॅस, मग म्हणाला वय. जानेवारीत एके दिवशी चौथ्या मजल्यावर येऊन तो पायरीवरच बसला, छाती धरून, घामाने ओला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मी म्हटलं, भाऊजींना सांगते. मोहन म्हणाला, "अजिबात नाही. दुखणं पुढे करून मला दादाशी गोडी करायची नाहीये. आणि कळलं तर त्याच्या हातून चार दिवस एक अक्षर उमटायचं नाही, शेठ हाकलेल त्याला." म्हणजे बघा, भांडणातही काळजी भावाच्या नोकरीची. शपथ घातली मला. मी गप्प बसले, आणि माझं मात्र काय होत होतं ते मला ठाऊक. हृदयाचे डॉक्टर बसायचे केबिन रोडलाच, भांड्यांच्या दुकानाच्या बरोबर समोर, पहिल्या मजल्यावर. मोहन म्हणाला, दादा भिंतीकडे तोंड करून बसतो, त्याला काय दिसणार.

पण संक्रांत जवळ आली होती. महापालिकेची निवडणूक लांब असली तरी उभं राहायची इच्छा असलेल्या एका बाईंनी आतापासूनच हळदीकुंकवाचा घाट घातला होता, आणि वाण म्हणून आमच्या वॉर्डातल्या घरटी एक स्टीलचा डबा. डब्याच्या झाकणावर 'सौ. अमुक तमुक यांजकडून सप्रेम भेट'. एवढी मोठी ऑर्डर त्या दुकानाला जन्मात मिळाली नव्हती. खोकी आत मावेनात, भिंतीपुढची जागा भरून गेली, म्हणून शेठने भाऊजींना पाट टाकून पुन्हा उंबऱ्याशी आणून बसवलं, रस्त्याकडे तोंड करून. एकच ओळ कोरायची होती, तीही शेकडो वेळा. डोळे मिटून करण्यासारखं काम. त्या दुपारी भाऊजींनी मान वर केली आणि समोरच्या जिन्यावरून हातात फाईल घेऊन, कठड्याला धरून, एक एक पायरी थांबत वर जाणारा मोहन त्यांना दिसला. वर बोर्ड कशाचा आहे ते भाईंदरात सगळ्यांना माहीत होतं. मोहन वर गेला तो लवकर खाली आलाच नाही. ईसीजी, मग ते पट्ट्यावर चालायला लावतात ते, मग पुन्हा बसवून ठेवलं. आणि समोर भाऊजी मशीन चालवत होते, डोळे जिन्यावर. हात थांबला असता तर शेठच्या लक्षात तरी आलं असतं. हात थांबला नाही. बांधणारी पोरं राजस्थानातून नुकती आलेली, त्यांना मराठी वाचता येत नव्हतं. त्यांनी डबे रंगीत कागदात गुंडाळले आणि टेम्पो भरला.

हळदीकुंकू थाटात झालं. मी गेले नव्हते, माझ्या डोक्यात रिपोर्ट घोळत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या विंगमधल्या मोरेबाई आल्या. "वहिनी, कमाल केलीत. उभ्या राहताय आणि आम्हाला बोलला पण नाहीत." मी म्हटलं, कोण उभं राहतंय? मोरेबाईंनी पिशवीतून डबा काढला. झाकणावर भाऊजींचं ते वळणदार अक्षर: 'सौ. मोहन पाश्टे यांजकडून सप्रेम भेट'. सुरुवातीचा 'सौ.' हाताने सवयीने घातला होता आणि पुढे मनात होतं ते नाव. सौ. मोहन म्हणजे मोहनची सौभाग्यवती, म्हणजे मी, असा सगळ्या वॉर्डाने सरळ अर्थ लावला होता. सीट बायकांसाठी राखीव होणार अशी आवई होतीच. दुपारपर्यंत माझ्या दारात चपलांची रास. कुणाकडे पाणी येत नाही, कुणाच्या गल्लीत कचरा उचलत नाहीत. एक रिक्षावाला म्हणाला, "भाभीजी, पहले नाली का कुछ करो, फिर हमारा पूरा स्टँड आपका." मी सांगून सांगून थकले की चूक झालीय, तर तो म्हणाला, सगळे आधी असंच म्हणतात. शेवटी मी कचऱ्यासाठी खरंच एक फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी गाडी आली हो. माझ्या शिकवणीतल्या मुलांसमोरसुद्धा मोहनचे 'सौ. मोहन' म्हणून हाल झाले, ते मी इथे सांगत नाही.

डबा आला त्याच दुपारी मोहनने तो उलटसुलट करून निरखला. असं अक्षर भाईंदरात एकाच माणसाचं. "त्याने बघितलं मला," म्हणाला. डॉक्टरांनी जिने चढू-उतरू नका सांगितलं होतं, तरी डबा घेऊन खाली निघाला, मी मागे. भाऊजी जेवायला बसले होते. पुढ्यात कुळथाची पिठी आणि भात, आणि घास हातातच. सकाळी त्या हळदीकुंकूवाल्या बाईंची माणसं दुकानावर येऊन गेली होती आणि शेठने भाऊजींना घरी पाठवलं होतं, हे आम्हाला तिथे कळलं.

"दादा, हे काय आहे?" मोहनने डबा पुढे धरला.

भाऊजींनी डब्याकडे पाहिलंच नाही. "रिपोर्टात काय आलं?"

"कसला रिपोर्ट?"

"उगाच बोलू नकोस. एवढा वेळ वर होतास. बीपी बघायला एवढा वेळ लागतो का? काय आलं?"

मोहनने डबा खाली ठेवला. "ब्लॉक आहे म्हणतायत. दोन आहेत. अँजिओप्लास्टी करायची."

"कधी?"

"पुढच्या आठवड्यात."

"मग अजून गणपतीचं काय घेऊन बसलायस?"

"मी कुठे काय बोलतोय?"

"तेच म्हणतोय मी. बोलत नाहीयेस." आणि भाऊजी त्या खरकट्या हातानेच डोळे पुसायला लागले. मोहन खाली बसला, त्यांचा हात धरून म्हणाला, "दादा, तिखट आहे, डोळ्यांत जाईल." जाऊबाईंनी मात्र दोन पानं घेतली, म्हणाल्या, "उभ्या उभ्या भांडायचं नाही." आणि मला म्हणाल्या, "मालू, बस तू पण. पिठी निवतेय." जेवताना भाऊजींनी डबा पहिल्यांदा हातात घेतला आणि वाचला. त्यांना खरंच माहीत नव्हतं. अंगठ्याने अक्षरावरून हात फिरवून म्हणाले, "असे किती केले मी?" मग डबा उजेडाकडे तिरका धरला. "अक्षर चांगलं आलंय पण," म्हणाले, आणि मोहन हसायला लागला. हसताना त्याने छातीला हात लावला, तसा भाऊजींनी पाण्याचा पेला त्याच्याकडे सरकवला.

शेठने त्यांना पुढे परत बोलावलं, कारण गिऱ्हाइकं त्यांच्याशिवाय दुसऱ्याचं अक्षर घेईनात; पण ते नंतरचं. त्या आठवड्यात भाऊजी कामावर गेलेच नाहीत. मीरा रोडच्या हॉस्पिटलात मोहनला आत नेलं आणि आम्ही तिघं बाहेरच्या बाकावर बसलो. मला खरं सांगायचं तर मोहनइतकीच भाऊजींची धास्ती होती. हॉस्पिटल म्हणजे रडणाऱ्यांचं आगर. हा माणूस इथे एका जागी कसा बसणार, कुणाकुणाच्या मागे धावणार, त्यांना सांभाळू की दाराकडे बघू. आणि झालंही तसंच, आमच्या पलीकडच्या बाकावर मीरा रोडच्याच नया नगर भागातली एक बाई एकटीच बसली होती, दुपट्टा तोंडात कोंबून रडत होती, अंग गदगदत होतं तिचं. माझीसुद्धा दोनदा मान वळली. मी भाऊजींकडे पाहिलं. ते गुडघ्यांवर हात ठेवून समोरच्या बंद दाराकडे बघत होते. पापणी हलत नव्हती. बाईचा हुंदका मोठा झाला, एक नर्स धावत गेली, कुणाचं तरी बाळ किंचाळलं. भाऊजींना ऐकूच आलं नाही. इतक्या वर्षांत मी त्यांना एका जागी, एकाच गोष्टीकडे बघत असं कधी बसलेलं पाहिलं नव्हतं, आणि मला भीती वाटली. जाऊबाईंनी माझा हात घट्ट धरला. त्याही तेच बघत होत्या.

शेवटी दार उघडलं. डॉक्टर म्हणाले, "छान झालंय. काळजी करू नका." भाऊजींनी श्वास सोडला, तो किती वेळचा होता कुणास ठाऊक. आणि लगेच मान वळवून म्हणाले, "कोण रडतंय गं?" जणू ती बाई त्या क्षणाला रडायला लागली होती. जाऊबाई म्हणाल्या, "अहो, आता मोहनला बाहेर आणतील, थांबा." पण भाऊजी गेलेसुद्धा. तिच्यापुढे उकिडवे बसले आणि त्यांच्या त्या मोडक्या हिंदीत काहीतरी विचारायला लागले.

मोहनला स्ट्रेचरवरून आणलं. डोळे अर्धवट उघडे. मी वाकले तर म्हणाला, "दादा कुठाय?" मी बोट दाखवलं. पार टोकाला भाऊजींची पाठ दिसत होती, आणि ती बाई मान हलवत त्यांच्याशी बोलत होती. मला राग आला. मी हाक मारणार, तर मोहन म्हणाला, "असू दे. मन मोकळं करू दे तिला." एवढं बोलला आणि त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी आलं, आवाज नाही, काही नाही, नुसतं कानाकडे ओघळलं. तिकडे भाऊजी बोलता बोलता थांबले. त्यांनी वळून बघितलं. त्या बाईला हाताने 'आलोच' अशी खूण केली आणि चप्पल तिथेच टाकून अनवाणी आमच्याकडे धावत आले.

मीही रडत होते खरं म्हणजे, तीन तास रोखून धरलेलं सगळं. गच्ची कुठे शोधणार होते मी तिथे. पण भाऊजींनी माझ्याकडे बघितलं नाही. मोहनच्या डोक्यावर हात ठेवून ते त्याच्यावर वाकले होते. मी स्ट्रेचरची दांडी सोडली, जरा बाजूला झाले आणि त्या बाईजवळ जाऊन बसले. तिला म्हटलं, "आते हैं वो. अपने भाई के पास गये हैं."